गद्र्यांचं हेल्मेट आमच्याकडे असतं

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या साली आमच्या बुटांच्या कपाटावर शेजारच्या गद्र्यांचं हेल्मेट राहायला आलं.

पाहुणा येतो तसं आलं. रविवारची सकाळ होती. गद्रे अंघोळ करून, कपाळाला गंध लावून दारात उभे. अंगात मोटारसायकलवाल्यांचा काळा चामड्याचा पोशाख, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, डाव्या काखेत हेल्मेट आणि उजव्या हातात ताम्हन. ताम्हनात नारळ आणि पिवळ्या फडक्यात बांधलेली सुपारी.

"मास्तर, आज मुहूर्त चांगला आहे," ते म्हणाले. "नॉर्वेला निघालोय."

"आत्ता?"

"तत्त्वतः."

मग खिशातून होकायंत्र काढून त्यांनी आमच्या घरात उत्तर कुठे येते ते पाहिलं. ती बुटांच्या कपाटावर आली. तिथे त्यांनी हेल्मेट ठेवलं, तोंड उत्तरेकडे केलं, शेजारी सुपारीची पुरचुंडी ठेवली, नमस्कार केला, बसून दोन कप चहा प्यायले आणि घरी जाऊन टोमॅटोला पाणी घालत बसले.

याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. नव्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. मुहूर्त आज असतो, पण निघणं आज जमत नाही. मग आपल्या सामानातली एखादी वस्तू ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. ती वस्तू घराबाहेर पडली म्हणजे माणूस निघाला असं धरतात. मात्र ती परत घरी न्यायची नाही. निघताना तिथूनच उचलायची. फार दिवस झाले तर नवी सुपारी ठेवून प्रस्थान ताजं करायचं.

गद्र्यांनी ते ताजं करण्यात दोन वर्षं काढली.

मला मास्तर म्हणतात म्हणून कुणी गैरसमज करून घेऊ नये. माझं आणि शाळेचं चौथीत फाटलं आणि त्याचा मला काही पश्चात्ताप नाही. मी बँडमास्तर. मिरजेच्या भागात जन्मभर लग्नांत ट्रंपेट वाजवला. लाल कोट, खांद्याला सोनेरी झालर, पुढे मी आणि मागे पंधरावीस माणसं. मी फुंकर मारल्याशिवाय त्या भागात नवरदेव घोड्यावर चढत नव्हता. मुलगा कॉम्प्युटरमध्ये शिकला आणि मला इथे न्यूझीलंडात, लोअर हटला घेऊन आला. इथली घरं लाकडाची, एका घरात शिंकलं की दुसऱ्या घरातून "ब्लेस यू" ऐकू येतं. त्यामुळे ट्रंपेट पेटीत आणि पेटी पलंगाखाली. कुणी वाजवू नको म्हणालं नव्हतं. पण वाजवा असंही कुणी म्हणालं नव्हतं, आणि न बोलावता वाजवायला जाणारा मी बँडवाला नाही.

गद्रे माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान. पुण्याचे इंजिनियर. इथे पाण्याच्या पाइपांचं काम करून रिटायर झालेले. घरात एकटे. सडपातळ, ताठ, आणि बोलताना बोट वर. त्यांची दोन वाक्यं होती. एक, "तत्त्वतः निघालो आहे." आणि दुसरं, "फक्त तपशील बाकी आहे." दूध संपलं तरी कोपऱ्यावरच्या डेअरीत, इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात, हा माणूस पूर्ण पोशाखात, डोक्यावर जुनं हेल्मेट घालून, मोटारसायकलवरून. डेअरी चालत गेलं तर विडी संपायच्या आत येते. डेअरीवाला गुजराती. तो रोज विचारायचा, "अंकल, नॉर्वे?" हे म्हणायचे, "आधी दूध."

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड. जूनमध्ये तिकडे सूर्य मावळतच नाही म्हणे. तो बघत बघत अगदी वरच्या टोकापर्यंत मोटारसायकलनं जायचं, हा बेत. मी म्हटलं, सूर्य मावळत नाही यात बघायचं काय, मावळताना बघण्यात गंमत असते. तर म्हणाले, "मास्तर, तुमच्या लक्षात तत्त्व येत नाहीये."

तत्त्व माझ्या लक्षात आलं नाही, पण तयारी मी डोळ्यांनी बघितली.

तिकडे रस्त्यात मूस नावाचं जनावर आडवं येतं. म्हणून यांनी फ्रिजचं मोठं खोकं कापून एक मूस तयार केला, त्याला तपकिरी रंग दिला आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी उभा केला. डोक्यावर नांगर घेतलेल्या म्हशीसारखा दिसायचा. गद्रे गॅरेजमधून मोटारसायकल काढायचे, मुसाच्या अंगावर जायचे आणि करकचून ब्रेक दाबायचे. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. समोरची मार्गारेट, ऐंशीची बाई, हातात चहाचा मग घेऊन खिडकीत बसून हा कार्यक्रम बघायची. एकदा जोराचा साउदर्ली, म्हणजे दक्षिणेचा गार वारा सुटला आणि मूस उडाला तो थेट तिच्या गुलाबात. ती तो काखेत घेऊन परत आली आणि म्हणाली, "युअर काउ, डार्लिंग."

तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. ती सवय व्हायला पाहिजे म्हणून गद्रे सगळीकडे उजवीकडून चालायला लागले. फुटपाथवर, सुपरमार्केटात, ट्रेनच्या स्टेशनवर. सुपरमार्केटात ट्रॉली घेऊन समोरच्या माणसाच्या पुढ्यात उभे राहायचे आणि म्हणायचे, "सॉरी, आय ॲम इन नॉर्वे." लोक इथले फार भले. "नो वरीज, मेट" म्हणून बाजूला व्हायचे.

गणपतीत मात्र पंचाईत झाली. इथे राउंडअबाउटला, म्हणजे चौकातल्या गोलाला, गाड्या आपण प्रदक्षिणा घालतो तसा वळसा घालतात. तिकडे उलटं. गद्र्यांना इतकी सवय झाली होती की मंडळाच्या गणपतीला ते उलटी प्रदक्षिणा घालायला निघाले आणि समोरून येणाऱ्या बायकांच्या रांगेत घुसले. भटजींनी विचारलं, "अहो, कुठे?" हे म्हणाले, "ओस्लो." मी कॉलरला धरून बाहेर काढले. म्हटलं, "गद्रे, देवाला तरी न्यूझीलंडात ठेवा."

गॅरेजमध्ये जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवून बोटीचा आराखडा केला होता. तिकडे डोंगरात समुद्र घुसलेला असतो, त्यामुळे मोटारसायकल बोटीत चढवून दोऱ्यांनी बांधावी लागते. त्या बांधायचा सराव चालायचा. मला स्टुलावर बसवून सांगायचे, "मास्तर, तुम्ही समुद्र." मग मी मोटारसायकलचं हँडल धरून गदागदा हलवायचं आणि दोऱ्या टिकतात का बघायचं. मी म्हटलं, इथे वेलिंग्टनच्या धक्क्यावर खरी बोट आहे, खरा समुद्र आहे, तिच्यावर जाऊन बघा की. तर म्हणाले, "ते आधी तपशिलात बसवावं लागेल."

आणि सगळ्यात मोठी गंमत अशी की ही मोटारसायकल नॉर्वेला जाणारच नव्हती. तिकडे जाऊन दुसरी भाड्यानं घ्यायची होती. हे मला एक वर्षानं कळलं.

"मग हिला पुसता कशाला रोज?"

"तत्त्वतः हीच ती."

मोटारसायकलच्या मागच्या सीटवर दहा किलो तांदळाची पिशवी पट्ट्यानं बांधलेली असायची. मी विचारलं तेव्हा म्हणाले, मागे वजन असताना गाडी वेगळी वळते, सवय पाहिजे. मला ते पटलं. पण आमच्या गल्लीच्या वळणावर ते मान जरा मागे करून पिशवीला म्हणायचे, "धरलंय ना?" हे मी दोन-तीनदा ऐकलं. एकटा माणूस काहीही बोलतो, मी तिकडे लक्ष दिलं नाही.

तर हे असं सगळं चाललेलं, आणि हेल्मेट आमच्याकडे. गद्रे मुहूर्त बघून यायचे, जुनी सुपारी उचलायचे, नवी ठेवायचे, चहा प्यायचे. सूनबाई स्नेहल जिभेची तिखट आहे.

"काका, हेल्मेटाला आता आमचं आडनाव लावू का?"

"स्नेहल, घाई म्हणजे तयारीचा अपमान असतो."

"काका, दोन उन्हाळे गेले नॉर्वेचे."

"गेले. पण ते आपले नव्हते. फक्त तपशील बाकी आहे."

नात ईशा तेव्हा पाच वर्षांची. तिला मराठी समजतं, पण बोलते इंग्लिश. शाळेत जाताना ती हेल्मेटाच्या काचेवर टकटक करायची आणि म्हणायची, "कियोरा, गद्रे आजोबा." कियोरा म्हणजे इथला नमस्कार. पहिले काही दिवस मला विचारायची, "इज ही इन देअर?" मी म्हणायचो, "तत्त्वतः."

माझा स्वभाव हट्टी आहे. घरात सगळे म्हणतात आणि ते बरोबर आहे. मी गद्र्यांना चिडवायचं सोडलं नाही. म्हणायचो, "अहो, मांडवात बँड उभा करून नवरदेव दाढी करत बसला, तर वाजवणाऱ्याचे ओठ फुटतात." ते हसायचे. चिडले कधीच नाहीत. एवढंच म्हणायचे, "मास्तर, निघालेल्या माणसाला असं बोलू नये."

२०२४ च्या एप्रिलमध्ये, थंडीला सुरुवात झाली होती, तेव्हा ते असेच एका सकाळी आले. पण त्या दिवशी हातात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते सोडलं. आत दुसरं हेल्मेट. निळं, लहान. बायकांचं.

त्यांनी ते आपल्या हेल्मेटाशेजारी ठेवलं. जरा सरकवलं. मग आणखी जरा सरकवून दोन्ही एकमेकांना टेकवली. दोन सुपाऱ्या ठेवल्या.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"मागच्या सीटचं."

"सीटला डोकं असतं होय?"

चहा ठेवला होता, तो न घेता ते गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मी स्नेहलला विचारलं. आमच्या मंडळाच्या बायकांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत नाही? वसुधाकाकूंचं असणार."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गद्र्यांना बायको आहे. आठ वर्षांपूर्वी तिला पामर्स्टन नॉर्थला नोकरी लागली. तिकडे शेतीवरच्या संशोधनाच्या संस्था आहेत, तिथे ती गवतावर काम करते. भांडण नाही, तंटा नाही. ठरलं असं की तिनं पुढे जायचं आणि यांनी इथलं आवरून मागून यायचं. हे आवरायला लागले. खोकी आणली. खोक्यांवर नावं घातली. कुठलं खोकं कुठल्या खोलीत जाणार याचा नकाशा काढला. तिकडे कुठलं घर घ्यावं याचा अभ्यास केला. रिटायर होईपर्यंत थांबावं म्हणाले. रिटायर झाल्यावर छप्पर रंगवून जावं म्हणाले. ती आधी दर शनिवारी फोन करून विचारायची, कधी येताय. मग महिन्यानं विचारायला लागली. मग विचारणं सोडलं.

"आणि आता?" मी म्हटलं.

"आता काकू जूनमध्ये रिटायर होतायत. मग पुण्याला बहिणीकडे जाणार. कायमच्या."

म्हणजे हा माणूस पामर्स्टन नॉर्थलासुद्धा तत्त्वतः गेलेला होता. गॅरेजच्या मागच्या भिंतीला ती खोकी मी रोज बघत होतो. त्यांच्यावरच पाय ठेवून मी समुद्र झालो होतो.

मी तसाच जँडल, म्हणजे रबरी चपला, घालून शेजारी गेलो.

गद्रे गॅरेजमध्ये होते. बाहेरगावी नेण्याच्या छोट्या स्टोव्हवर थालीपीठ लावत होते. पंख्याचा झोत स्टोव्हवर सोडलेला. उत्तर टोकावर वारा असतो म्हणून. शेजारी दोन स्टीलचे पेले, दोन ताटल्या, दोन रेनकोट, आणि उघडून ठेवलेला तंबू, तोही दोघांचा. हे सगळं जोडीनं होतं आणि माझ्या कधी नजरेत आलं नव्हतं.

"वहिनींना विचारलंत?" मी म्हटलं.

त्यांनी थालीपीठ उलटलं. "तिचंच होतं ते. सूर्याचं. लग्न झालं तेव्हा म्हणाली होती, न मावळणारा सूर्य बघायचाय, तुमच्या मोटारसायकलवर मागे बसून. मी म्हटलं, जाऊ, पण नीट तयारी करून."

"विचारलंत का?"

"तिला कच्चा बेत सांगण्यात अर्थ नाही, मास्तर. आधीच तिचा माझ्या बेतांवर विश्वास नाही. सगळं पक्कं झालं की सांगणार. फक्त तपशील..."

"तपशील गेला खड्ड्यात. त्या पुण्याला चालल्यात."

त्यांनी पंखा बंद केला. खाली बघत म्हणाले, "विचारल्यावर नाही म्हणाली तर तयारी कशाची करायची मग?"

समोरचा ढिला पडला की आपण ताल सोडायचा नाही, हे आमच्या धंद्यात शिकलो.

"गद्रे," मी म्हटलं, "तुमचं प्रस्थान खोटं आहे."

त्यांची मान वर झाली. "खोटं कसं? मुहूर्त बघून ठेवलंय."

"ज्याचं डोकं, त्याचं प्रस्थान. दुसऱ्यानं ठेवलेलं चालत नाही. त्या निळ्या हेल्मेटाला वहिनींचा हात लागला पाहिजे. नाही लागला तर तुमचंही बाद. दोन वर्षांच्या सुपाऱ्या फुकट."

"असा नियम आहे?"

"आहे."

हा नियम मी तिथे, थालीपिठाच्या धुरात उभा राहून केला. सगळे नियम कुणीतरी असेच उभे राहून केलेले असतात. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं करू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

गद्र्यांनी बराच विचार केला. मग होकायंत्र काढलं. "पामर्स्टन नॉर्थचा रस्ता उत्तरेलाच जातो," ते म्हणाले. "प्रस्थान पुढे नेता येतं ना? मागे आणायचं नाही एवढंच ना?"

"पुढे कितीही न्या."

"मग शनिवारी बघू. टायरची हवा..."

"हवा मी बघतो. शनिवारी सकाळी."

शनिवारी सकाळी मी त्यांना आमच्या दारात आणूनच सोडलं. स्नेहलनं हातावर दही घातलं. ईशानं दोन्ही हेल्मेटांवर टकटक करून "बाय" म्हटलं. गद्र्यांनी आपलं हेल्मेट घातलं, निळं उशीच्या अभ्र्यात गुंडाळून मागच्या सीटवर बांधलं. तांदळाची पिशवी सोडून त्यांनी माझ्या हातात दिली. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना पेट्या लावलेल्या, सगळ्या भरलेल्या. दोन तासांच्या रस्त्याला हा माणूस रेनकोट, तंबू, स्टोव्ह आणि मुसाला पळवायची शिट्टी घेऊन निघाला होता.

"वाजवू का?" मी विचारलं. सकाळीच मी पलंगाखालची पेटी काढून ठेवली होती.

"नको मास्तर." आवाज हेल्मेटाच्या आतून येत होता, जरा बारीक. "ती हो म्हणालेली नाही. आधीच वरात कशाला?"

बरोबर होतं. पण मला लागलं. मी पेटी मागे सरकवली.

"वारा आहे हो लेव्हिन गावाच्या पुढे," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी..."

"गद्रे, गाडी चालू करा."

त्यांनी चालू केली. "बरं, येतो," म्हणाले आणि निघाले. ड्राइव्हवेतून बाहेर पडले, झकास वळण घेतलं आणि रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालू लागले. समोरून मार्गारेट आपली छोटी गाडी घेऊन येत होती.

"गद्रे, डावीकडे," मी ओरडलो. "नॉर्वे यायचंय अजून."

ते डावीकडे आले. मार्गारेटनं हॉर्न दिला, काच खाली केली आणि मला विचारलं, "इज ही फायनली गोइंग?"

"हाफ," मी म्हटलं.

वळणावर त्यांनी मान जरा मागे केली. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. पण ते मला माहीत होतं.

तो दिवस जाता जाईना. बुटांच्या कपाटावर दोन गोल जागा तेवढ्या स्वच्छ दिसत होत्या, बाकी धूळ. स्नेहल पुसायला आली तर मी पुसू दिली नाही. ती म्हणाली, "बाबा, जेवा. हेल्मेट गेलंय, तुमचं डोकं नाही गेलं." मी जेवलो, पण चव नव्हती. मनात सारखं येत होतं, बाई दार उघडून नाही म्हणाली असेल, तर हा माणूस परत येताना त्या वळणावर कुणाला विचारणार. आणि नियम करून त्याला पाठवलं कुणी, तर मी.

दुपार कलली आणि फोन वाजला. अनोळखी बाईचा आवाज.

"मास्तर का? मी वसुधा गद्रे बोलतेय."

"बोला, वहिनी."

"तुमचा माणूस पोचलाय. कोचावर बूट घालून झोपलाय."

"बरं झालं."

"सकाळी दार उघडलं तर हे समोर, हेल्मेट घातलेले. मी विचारलं, असं अचानक कसं काय. तर म्हणाले, मास्तरांचा नियम आहे, तू ह्याला हात लाव. बाकी काहीच बोलेनात. पंधरा मिनिटं दारातच उभे होते."

"मग?"

"मग लावला हात. घालून पण बघितलं. बरोबर बसलं हो. मी तर माझ्या डोक्याचं माप कधी कुणाला सांगितलं नव्हतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आठ वर्षं हा माणूस इथे यायची तयारी करत होता, मास्तर. आणि आज आला तर बरोबर दोन रेनकोट, तंबू आणि कसलीतरी जनावराची शिट्टी. टूथब्रश नाही आणला."

"तपशिलात राहिला असेल."

ती हसली. चांगलं मोकळं हसली. मग म्हणाली, "मला तो नियम नीट विचारायचा होता. आता दोन्ही हेल्मेटं माझ्याकडे टेबलावर आहेत. हे म्हणतात, उद्या परत जातो, उरलेली तयारी करतो. तर यांचं हेल्मेट परत नेता येतं का?"

मी खुर्ची ओढून बसलो. हे नीट सांगायला पाहिजे होतं.

"नाही," मी म्हटलं. "पुढे गेलेलं प्रस्थान मागे आणत नाहीत. वहिनी, हा माझा नियम नाही, हा जुनाच आहे."

"आणि हेल्मेटाशिवाय इथे मोटारसायकल चालवता येत नाही."

"तो सरकारचा नियम."

"म्हणजे निघेपर्यंत यांनी इथेच राहायचं."

"तिथेच. आणि निघायचं दोघांनी तिथूनच."

फोनवर मागे कुठेतरी कोच करकरला, आणि गद्र्यांचा झोपेतला आवाज आला, "कोण आहे?" ती म्हणाली, "कोणी नाही, झोपा." मग मला म्हणाली, "बहिणीला कळवायला हवं, पुण्याचं पुढे ढकललं म्हणून. आणि टूथब्रश घ्यायला हवा. कोपऱ्यावरची डेअरी बंद होईल आता. ठेवते."

मी फोन ठेवला. स्नेहल स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट हातात घेऊन उभी होती. "काय म्हणाल्या काकू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कपाट पूस आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर अंघोळ केली. लाल कोट काढला. पोटावर बटण लागेना, तर तसाच घातला. पेटी उघडली, ट्रंपेट पुसला आणि जाऊन गद्र्यांच्या रिकाम्या ड्राइव्हवेत, पुठ्ठ्याच्या मुसाशेजारी उभा राहिलो. नवरदेव मांडवातून निघतो तेव्हाची चाल लावली. इतक्या वर्षांनी पहिला सूर जरा फाटला, दुसरा लागला. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या. ईशा पायजम्यात बाहेर येऊन नाचायला लागली. समोरून मार्गारेट ड्रेसिंग गाउनमध्ये, चहाचा मग घेऊन, रस्ता ओलांडून आली आणि माझ्या कानाशी ओरडली, "हू इज गेटिंग मॅरीड, मास्तर?"

मी ट्रंपेट ओठांपासून जरा बाजूला घेतला.

"ओल्ड वन," मी म्हटलं. "ओल्ड मॅरेज." आणि पुढची ओळ वाजवायला घेतली.